लिनक्स टाकल्यावर वायफाय गायब: लक्षण तेच, कारण दर वेळी वेगळं

"मामा, परत गेलं."

भाचीचा फोन आला की पहिलं वाक्य हेच. काय गेलं हे विचारायची गरज आता उरलेली नाही.

कराडला त्यांच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे. दाजींनी घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-थ्री, मूळचं विंडोज ८.१ आणि नंतर १०. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे कागदोपत्री हा लॅपटॉप बाद. मशीन मात्र ठणठणीत. म्हणून दिवाळीला गेलो तेव्हा त्यात एसएसडी टाकली, दाजींच्या टॅलीपुरतं विंडोज एका बाजूला ठेवलं आणि शेजारी लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत सिस्टीम) बसवलं. आवाज आला, कॅमेरा चालला, टचपॅड चालला, मराठी टायपिंगसुद्धा पहिल्या झटक्यात. उजव्या कोपऱ्यात वायफायची खूण तेवढी नव्हती.

तेव्हापासून तीन वेळा वायफाय गेलं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. समोरच्याला मात्र तिन्ही वेळा दिसतं तेच: खूण नाही, नेटवर्कची यादी नाही. मग माणूस इंटरनेटवर शोधतो, पहिला उपाय सापडतो तो डोळे मिटून करतो, आणि आजार म्हशीला औषध पखालीला असं होतं. दुसऱ्याच चिपचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) बसतो, तो पहिल्याशी भांडतो, शेवटी वैतागून अख्खी सिस्टीम पुन्हा टाकली जाते. पुन्हा टाकून हा प्रश्न सुटत नाही, कारण जे मुळात नव्हतं ते दुसऱ्यांदाही नसतं.

तेव्हा आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघू. मी पुण्यात, लॅपटॉप कराडात, म्हणजे सगळा कारभार उंटावरून शेळ्या हाकण्याचा. खालच्या आज्ञा तिला फोनवर सांगतो तशाच अक्षर अक्षर फोडून लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी लहान लिपी वापरायची, 'जागा' म्हटलं की स्पेसबार.

सगळ्यात आधी नेट आणा

ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा, ही पहिली अडचण. त्यावर घरात पडलेला उपाय म्हणजे फोन. हॉटस्पॉट नव्हे, कारण हॉटस्पॉट पकडायलाही वायफायच लागतं. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्याच पानावर 'यूएसबी टेदरिंग' असतं ते सुरू करा. लिनक्सला हे तारेचं नेटवर्क वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल जोडूनही तो पर्याय फिकट दिसत असेल तर केबल निव्वळ चार्जिंगची आहे. पॉवरबँकेसोबत येणाऱ्या आखूड केबली बऱ्याचदा तशा असतात, दुसरी घ्या.

यातली एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अँड्रॉइड फोन स्वतः घरच्या वायफायला जोडलेला असेल तर टेदरिंगमधून तेच वायफाय लॅपटॉपला मिळतं. डेटा पॅक खर्च होत नाही. पण फोन मोबाइल डेटावर असेल तर जपून, कारण लॅपटॉपला ते तारेचं नेट वाटतं आणि अपडेट मॅनेजर निवांतपणे सगळे अपडेट ओढत बसतो.

राउटरपर्यंत लॅन केबल पोचत असेल तर त्याहून उत्तम. आणि दोन्ही नसेल तर मिंट ज्या पेनड्राइव्हवरून टाकलं तो पुसू नका. मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडून तो पेनड्राइव्ह लावला की त्यातूनच ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर उचलता येतो. उबुंटूच्या (मिंट ज्यावर उभं आहे ते लिनक्स) पेनड्राइव्हवरही 'पूल' नावाच्या फोल्डरात, 'रिस्ट्रिक्टेड'च्या आत, ते पॅकेज असतं.

पहिला प्रश्न: कार्ड दिसतंय का, आणि कुणाचं?

लॅपटॉपवर कुठल्या कंपनीचं नाव आहे याला इथे काही किंमत नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वायफायची चिप वेगवेगळी असू शकते. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि लिहा: एल-एस-पी-सी-आय, जागा, डॅश, एन-एन-के. लांबलचक यादी येईल. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' अशी ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतात, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. भाचीच्या लॅपटॉपवर होतं १४ई४:४३६५.

पहिला आकडा चिप बनवणाऱ्याचा, दुसरा चिपचा. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे एथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ घेतलाय, १९७८ च्या आपल्याच प्रोसेसरचा आकडा. हौसेला मोल नाही.

आता त्या ओळीच्या खालच्या दोन ओळी वाचा, सगळं निदान तिथे आहे. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' (कर्नल म्हणजे लिनक्सचा सगळ्यात आतला, मूळ प्रोग्राम) अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलाय आणि प्रश्न पुढचा आहे. ती ओळ नसून नुसती 'कर्नल मॉड्यूल्स' असेल तर ड्रायव्हर डिस्कवर आहे पण कार्डाला चिकटलेला नाही. दोन्ही नसतील तर ड्रायव्हरच नाही. आणि यादीत कार्डच नसेल तर ड्रायव्हर शोधत बसू नका. एकतर ते बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद आहे, किंवा सैल झालंय, किंवा ते यूएसबीचं आहे. यूएसबीवाल्यांसाठी आज्ञा वेगळी: एल-एस-यू-एस-बी.

यूएसबी डाँगलची एक गंमत सांगून टाकतो. रिअलटेकच्या बऱ्याच डाँगलांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, आणि जोडल्या जोडल्या ते स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवून घेतात, विंडोजवाल्याला ड्रायव्हर हाताशी मिळावा म्हणून. लिनक्सवर ते त्याच सोंगात अडकतात. यादीत ०बीडीए:१ए२बी दिसलं की समजा हेच झालंय. फाइल मॅनेजरमध्ये ती खोटी सीडी 'इजेक्ट' करा, डाँगल खऱ्या रूपात येतं. कायमचं करायला यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज आहे.

ब्रॉडकॉमची गोष्ट

ज्यांच्याकडे १४ई४ आलं त्यांनी हे नीट वाचा, कारण परत परत जाणारं वायफाय जास्त करून यांच्याच घरी असतं.

ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी लिनक्सवर एकाहून अधिक ड्रायव्हर आहेत आणि कुठली चिप कुणाच्या वाट्याची हे ठरलेलं आहे. जुन्या चिपांना बी-४३ नावाचा ड्रायव्हर, त्याला फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) वेगळं उतरवावं लागतं. काहींना ब्रॉडकॉमनेच सप्टेंबर २०१० मध्ये खुला केलेला ड्रायव्हर. आणि मधल्या काळातल्या काही चिपा, त्यात आमची ४३६५ म्हणजे बीसीएम-४३१४२, आणि २०१३ नंतरच्या कित्येक मॅकबुकांतली बीसीएम-४३६०, या दोन्हींत बसत नाहीत. त्यांना लागतो 'डब्ल्यू-एल' नावाचा बंदिस्त ड्रायव्हर. उबुंटू आणि मिंटमध्ये त्या पॅकेजचं नाव बी-सी-एम-डब्ल्यू-एल, डॅश, कर्नल, डॅश, सोर्स. डेबियन आणि फेडोरा ही लिनक्सचीच दुसरी रूपं. डेबियनमध्ये ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस. फेडोरात आरपीएम फ्यूजनच्या भांडारातून ब्रॉडकॉम-डब्ल्यूएल.

हा ड्रायव्हर दोन तुकड्यांचा आहे. आतला गाभा कंपनीने तयार करून दिलेला, त्याचा सोर्स (मूळ कोड) कंपनीबाहेर कुणाकडे नाही. बाहेरचं आवरण उघडं, ते तुमच्या मशीनवर, तुमच्या कर्नलसाठी जागेवर शिवून घ्यावं लागतं. कंपनीने दिलेली शेवटची आवृत्ती ६.३०.२२३.२७१, सप्टेंबर २०१५ ची. तेव्हा लिनक्सचा कर्नल ४.२ होता, आज ६ च्या पुढच्या आवृत्त्या चालतात. आणि कर्नलच्या आतले सांधे कायम तेच ठेवायचे नाहीत हे लिनक्सवाल्यांचं ठरवून केलेलं धोरण आहे. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या मापाने शिवलेला सदरा आजच्या अंगाला बसवायचा, आणि तो बसतो तो डेबियन-उबुंटूच्या लोकांनी लावलेल्या ठिगळांमुळे. नवीन कर्नल आला की नवीन ठिगळ.

हे शिवणकाम आपोआप करणारी यंत्रणा म्हणजे डी-के-एम-एस. ती २००३ मध्ये डेलच्या लिनक्स इंजिनिअरांनी केली. नवा कर्नल आला की ती ड्रायव्हर पुन्हा बांधते. त्यासाठी तिला त्याच कर्नलची 'हेडर्स' (बांधणीला लागणाऱ्या फाइली) लागतात. हे लक्षात ठेवा, माझी चूक इथेच आहे.

पहिल्यांदा गेलं: निळा पडदा

दिवाळीत मिंट टाकल्यावर मी ड्रायव्हर मॅनेजर उघडला, फोन जोडला, ब्रॉडकॉमचा पर्याय निवडला, 'अप्लाय' केलं. मध्येच एक खिडकी आली: सिक्युअर बूट सुरू आहे, एक पासवर्ड ठरवा, किमान ८ अक्षरांचा. ठरवला. रीस्टार्ट करा म्हणाला. केलं आणि ताईने हाक मारली म्हणून चिवडा खायला गेलो.

परत आलो तर लॉगिनचा पडदा, आणि वायफाय नाहीच.

झालं असं होतं: सिक्युअर बूट सुरू असताना कर्नल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. डीकेएमएस ड्रायव्हर बांधताना त्यावर तुमच्याच मशीनवर तयार झालेल्या किल्लीने सही करते, पण ती किल्ली ओळखीची आहे हे तुम्ही समोर बसून सांगावं लागतं. त्यासाठी रीस्टार्ट झाल्यावर एक निळा पडदा येतो. वर लिहिलेलं असतं 'शिम यूईएफआय की मॅनेजमेंट', कुठलीही कळ दाबा असं म्हणतो, आणि दहापासून उलटे आकडे सुरू होतात. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर तो गुपचूप निघून जातो आणि सिस्टीम जणू काही घडलंच नाही अशी सुरू होते. चिवड्याची वाटी हातात घ्यायला दहा सेकंद पुरतात.

आपण तिथेच अडकलोय का हे बघायला: सुडो (एस-यू-डी-ओ, म्हणजे मालकाच्या अधिकाराने), जागा, मॉडप्रोब (एम-ओ-डी-पी-आर-ओ-बी-ई), जागा, डब्ल्यू-एल. उत्तर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं आलं, किंवा जुन्या कर्नलवर 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल', तर हेच. ड्रायव्हर पुन्हा टाकायची गरज नाही, किल्लीचा अर्ज पुन्हा करायचा. सुडो, जागा, मोक-युटिल (एम-ओ-के-यू-टी-आय-एल), जागा, दोन डॅश, इम्पोर्ट, जागा, आणि मग किल्लीचा पत्ता: तिरकी रेघ, व्ही-ए-आर, तिरकी रेघ, लिब, तिरकी रेघ, शिम-डॅश-साइन्ड, तिरकी रेघ, मोक, तिरकी रेघ, एम-ओ-के मोठ्या लिपीत, टिंब, डी-ई-आर. पासवर्ड विचारेल, टाइप करताना काही दिसणार नाही, घाबरू नका. रीस्टार्ट करा आणि खुर्ची सोडू नका. निळ्या पडद्यावर कळ दाबा, 'एनरोल मोक', मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तोच पासवर्ड, मग 'रीबूट'.

हे एकदाच करावं लागतं. पुढच्या प्रत्येक कर्नलचा ड्रायव्हर त्याच किल्लीने सही होतो.

सिक्युअर बूट सरळ बंद करून टाका असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने काम होतं हे खरं. पण शेजारी विंडोज असेल आणि त्याच्यावर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बंद केल्यावर विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागून अडून बसू शकतं. ती की हातात नसेल तर या वाटेला जाऊ नका. दाजींची टॅली त्या बाजूला होती, माझी तरी हिंमत झाली नाही.

दुसऱ्यांदा गेलं: माझाच शहाणपणा

मिंटसाठी मी जागा बेताचीच ठेवली होती. जाता जाता आवराआवर केली, त्यात 'लिनक्स-हेडर्स' नावाची पॅकेजं दिसली. हेडर्स म्हणजे प्रोग्रामर लोकांचं काम, भाचीला काय करायचीत, म्हणून काढून टाकली. चालू कर्नलचा ड्रायव्हर आधीच बांधलेला होता, त्यामुळे काही बिघडलं नाही. महिन्याभराने अपडेटसोबत नवा कर्नल आला, डीकेएमएसला हेडर्स मिळाली नाहीत, ड्रायव्हर बांधला गेला नाही. "मामा, परत गेलं."

'अपडेट केलं आणि वायफाय गेलं' असं ज्यांचं गाऱ्हाणं आहे त्यांनी आधी दोन आज्ञा द्याव्यात. यू-नेम (यू-एन-ए-एम-ई), जागा, डॅश, आर: चालू कर्नल कुठला ते सांगते. डी-के-एम-एस, जागा, स्टेटस: ड्रायव्हर कुठल्या कर्नलसाठी बांधलाय ते सांगते. दुसरीच्या उत्तरात चालू कर्नलचा आकडा आणि पुढे 'इन्स्टॉल्ड' असेल तर ठीक. नुसतं 'अॅडेड' असेल किंवा जुन्याच कर्नलचं नाव असेल तर बांधणी झालेली नाही.

यावर तातडीचा इलाज मला फार आवडतो, कारण त्याला नेट लागत नाही. जुना कर्नल अजून डिस्कवर असतो आणि त्याचा ड्रायव्हरही शाबूत असतो. सुरू होताना ग्रबचा (कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा) मेनू येतो, त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', आणि खालचा म्हणजे आधीचा कर्नल निवडा. वायफाय परत. मेनू दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायॉसवर शिफ्ट. एस्केप एकदाच. भाचीने घाईने चार वेळा दाबलं आणि काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढाच शब्द उरला. तिथे 'नॉर्मल' लिहून एंटर दाबायचं आणि लगेच एकदा एस्केप, मेनू येतो.

जुन्या कर्नलमध्ये बसून मग खरं काम. हेडर्स टाकायच्या, आणि इथे इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अर्धवट आहेत. ते चालू कर्नलपुरत्या हेडर्स टाकायला सांगतात. त्याने आजचं काम होतं आणि पुढच्या कर्नलला तीच रड. टाकायचं ते सरसकट पॅकेज, नाव लिनक्स-हेडर्स-जेनेरिक. उबुंटूची नवी कर्नल-मालिका वापरत असाल तर त्याच नावापुढे एच-डब्ल्यू-ई आणि आवृत्तीचा आकडा, जसं २२.०४ किंवा २४.०४. हे असलं की प्रत्येक नव्या कर्नलसोबत त्याची हेडर्स आपोआप येतात. मग सुडो, जागा, डी-के-एम-एस, जागा, ऑटोइन्स्टॉल, जागा, डॅश, के, जागा, आणि नव्या कर्नलचा पूर्ण आकडा. आकडा सांगायचा, कारण तुम्ही जुन्या कर्नलमध्ये बसलेले आहात.

हेडर्स असूनही बांधणी फसत असेल तर कारण नोंदवहीत सापडतं: व्हीएआर, लिब, डीकेएमएस या वाटेवर ड्रायव्हरच्या नावाच्या फोल्डरात मेक-डॉट-लॉग नावाची फाइल. तिच्या शेवटच्या वीसेक ओळी वाचा. उबुंटू २२.०४ वर ६.५ कर्नल आला तेव्हा कित्येकांना तिथे 'जीसीसी-१२ नॉट फाउंड' दिसलं. कर्नल ज्या कंपायलरने बांधला तो त्यांच्याकडे नव्हताच. जीसीसी-१२ टाकलं की काम झालं. खरीखुरी कोडची चूक दिसत असेल, म्हणजे नव्या कर्नलचं ठिगळ अजून आलेलंच नसेल, तर झगडू नका. जुन्या कर्नलवर राहा, थोड्या आठवड्यांनी पॅकेजचं अपडेट येतं. 'ऑटोरिमूव्ह' (नको असलेली पॅकेजं काढणारी आज्ञा) करताना मात्र हात आखडता घ्या, चालणारा एक कर्नल नेहमी शिल्लक हवा.

तिसऱ्यांदा गेलं: ड्रायव्हर असूनही

यावेळी भाचीनेच आधी तपासलं. डीकेएमएस ठीक, 'ड्रायव्हर इन यूज: डब्ल्यूएल' ठीक. तरी नेटवर्क एकही नाही. मी विचारलं, "आत्ता विंडोज कोण वापरत होतं?" म्हणाली, "बाबा. जीएसटीचं काही करत होते."

विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. त्यात 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, अर्धवट डुलकी घेतं, आणि वायफाय कार्ड त्याच अवस्थेत लटकतं. पाठोपाठ लिनक्स सुरू केलं की ते कार्डाला जागं करू शकत नाही. लगेच सोडवायचं तर विंडोजमध्ये जाऊन 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' करून लिनक्समध्ये या, कारण रीस्टार्टला डुलकी नसते. कायमचं सोडवायचं तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. विंडोज थोडं सावकाश सुरू होईल. दाजींची त्याबद्दल तक्रार चालू आहे, मी ऐकून घेतो.

याच जातीचं दुसरं कारण म्हणजे विमानाच्या चित्राची कळ चुकून दाबली जाणं. आर-एफ-किल, जागा, लिस्ट अशी आज्ञा द्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर आर-एफ-किल, जागा, अनब्लॉक, जागा, ऑल. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर आज्ञेने काही होणार नाही, कळ किंवा बाजूचा खटकाच शोधावा लागेल.

आणि एक तक्रार जी बिघाड नाहीच: घरच्या राउटरचं '५जी' लिहिलेलं नेटवर्क दिसत नाही. बीसीएम-४३१४२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. कितीही ड्रायव्हर बदला, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क तिला दिसायचं नाही.

ज्यांचं कार्ड ब्रॉडकॉमचं नाही

इंटेलवाल्यांचं नशीब चांगलं. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, फर्मवेअरची फाइल लिनक्स-फर्मवेअर पॅकेजात. अडतं ते कार्ड नवं आणि कर्नल जुना असला की: एएक्स-२०० ला किमान ५.१, एएक्स-२१० ला ५.१०, बीई-२०० ला ६.५. तेव्हा ड्रायव्हर शोधू नका, नवा कर्नल घ्या. रिअलटेकच्या आरटीएल-८८५२बीई ला ६.२ लागतो, उबुंटू २२.०४ च्या मूळ ५.१५ वर ते दिसत नाही आणि त्याच उबुंटूच्या नव्या कर्नल-मालिकेवर आपोआप चालतं.

ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर नाही, हे ओळखायचं डी-मेसेज मधून (अक्षरं डी-एम-ई-एस-जी, आधी सुडो). 'डायरेक्ट फर्मवेअर लोड... फेल्ड विथ एरर उणे २' अशी ओळ म्हणजे फाइल जागेवर नाही. ओळीत फाइलचं नावच दिलेलं असतं. डेबियनवाल्यांना हे वर्षानुवर्षं भोगावं लागलं, कारण बंदिस्त फर्मवेअर अधिकृत प्रतीत ठेवायचं नाही असा त्यांचा दंडक. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन तो सैल केला, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबतच येतं. अजूनही १० किंवा ११ ची जुनी सीडी घेऊन बसला असाल तर त्रास ओढवून घेताय.

रिअलटेक आरटीएल-८७२३बीई असेल तर लक्षण निराळं: नेटवर्क दिसतात, पण राउटरला लॅपटॉप टेकवला तरच जोडणी टिकते. कित्येक लॅपटॉपांत या कार्डाला दोनाऐवजी एकच अँटेना लावलेली असते आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या टोकावर कान देऊन बसतो. त्याला टोक बदलायला सांगायचं. ई-टी-सी मधल्या मॉडप्रोब-डॉट-डी फोल्डरात एक नवी फाइल करा, शेवट डॉट-कॉन्फ, आणि आत एकच ओळ: ऑप्शन्स, जागा, आर-टी-एल-८७२३-बी-ई, जागा, ए-एन-टी, खालची रेघ, एस-ई-एल, बरोबर, २. रीस्टार्ट करून बघा, फरक नाही पडला तर २ च्या जागी १. बाहेरून कुठलाही ड्रायव्हर आणायची गरज नाही.

उलट्या वाटेने आलेल्यांसाठी, म्हणजे फ्री डॉसचा किंवा लिनक्सचा लॅपटॉप घेऊन विंडोज टाकणाऱ्यांसाठी, थोडक्यात: डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह 'नेटवर्क कंट्रोलर' आणि कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. प्रॉपर्टीजमध्ये 'हार्डवेअर आयडीज' बघा, तेच दोन आकडे तिथेही मिळतात. फोनचं यूएसबी टेदरिंग विंडोजवरही चालतं, मग विंडोज अपडेट बहुतेक वेळा स्वतःच ड्रायव्हर आणतं. नाहीतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणारी मोफत सॉफ्टवेअरं टाकू नका, ड्रायव्हरसोबत चार पाहुणे येतात आणि ते जात नाहीत.

कार्डच बदलायचं असेल तर

दर कर्नलला हे नाटक नको असेल तर जुन्या लॅपटॉपात इंटेलचं कार्ड टाकणं हा शहाणा खर्च आहे. घेण्याआधी मागचं झाकण उघडून सॉकेट बघा. त्या काळच्या लॅपटॉपांत कुठे अर्ध्या आकाराचं मिनी पीसीआय-ई असतं, कुठे त्याहून लहान एम.२. इंटेलचं ७२६० दोन्ही आकारांत मिळतं. नवीन लॅपटॉपासाठी घेत असाल तर एएक्स-२०१ आणि एएक्स-२११ ही कार्डं टाळा. ती ठरावीक इंटेल प्रोसेसरांच्याच जोडीने चालतात, एएमडीवर तर अजिबात नाही. एएक्स-२०० आणि एएक्स-२१० ला तशी अट नाही. आणि काही जुने लॅपटॉप बायॉसमध्ये मंजूर कार्डांची यादी बाळगतात, यादीबाहेरचं कार्ड लावलं तर सुरूच होत नाहीत. आपल्या मॉडेलचं आधी विचारून घ्या.

बदलताना बॅटरी सोडवा. कार्डावर एक स्क्रू आणि दोन बारीक तारा असतात, एक काळी, एक पांढरी, टोकाला मोहरीएवढ्या पितळी टोप्या. त्या सरळ वर उचलायच्या, ओढायच्या नाहीत. बसवताना टोपी बरोबर मध्यावर ठेवून नखाने दाबायची, 'टक्' असा आवाज आला की बसली. मिनी कार्डाच्या टोप्या एम.२ कार्डाला बसत नाहीत, त्या मोठ्या असतात. जबरदस्ती केलीत तर कार्डावरचं टोकच उखडतं. भाचीच्या लॅपटॉपाला अर्ध्या आकाराचं ७२६० मागवलंय, पुढच्या खेपेला कराडला जाईन तेव्हा बसवेन. तोवर हेडर्स जागेवर आहेत.